शेकोटीजवळची भीड: पेत्राच्या प्रकरणाचा अभ्यास

माणसांना भिणारा म्हटला की मान खाली घातलेला, चारचौघांत तोंड न उघडणारा कुणीतरी डोळ्यांपुढे येतो. पेत्र तसा अजिबात नव्हता. हे प्रकरण निवडायचं कारणही तेच. गालीलचा मासेमार, उतावळा, येशूच्या बारा शिष्यांत सगळ्यात आधी बोलून मोकळा होणारा. ज्या रात्री एका दासीपुढे त्याची बोबडी वळली, त्याच रात्री काही तास आधी त्याने येशूला पकडायला मशाली आणि हत्यारं घेऊन आलेल्या तुकडीसमोर तलवार उपसली होती आणि महायाजकाच्या (यहुद्यांच्या मुख्य धर्मगुरूच्या) मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान छाटला होता. सशस्त्र माणसांपुढे न डगमगलेला गडी दाराशी बसलेल्या एका मुलीच्या प्रश्नाला टरकला. हे कसं झालं?

मराठीत दोन शब्द आहेत: भीती आणि भीड. भीती जिवाची वाटते, भीड माणसांची पडते. जुने लोक भिडेला भिकेची बहीण म्हणत, ते उगाच नाही. भिडेपोटी माणूस स्वतःचं सगळं दुसऱ्याच्या हवाली करून बसतो आणि वर त्याला सभ्यपणा म्हणतो. पेत्राच्या गोष्टीत दोन्ही आहेत, आणि त्यांतली चिवट कोणती हे कळायला गोष्ट शेवटापर्यंत पाहावी लागते. बहुतेक प्रवचनं पेत्राने येशूला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवला की थांबतात, किंवा फार तर पन्नासाव्या दिवसाच्या (पेंटेकॉस्टच्या सणाच्या) त्याच्या भाषणापर्यंत जातात. त्यामुळे ‘आधी भित्रा, मग शूर’ असं एक सोपं चित्र तयार होतं. मला ते चित्र पटत नाही.

अंगण

प्रसंग यरुशलेममधला, इसवी सन 30 च्या आसपासचा. येशूला बागेत पकडून महायाजकाच्या वाड्यात आणलं आहे. महायाजक कयफा, त्याचा सासरा हन्ना हा माजी महायाजक, पण शब्द अजून त्याचाही चालतो. बाकीचे बहुतेक शिष्य पळाले आहेत. पेत्र मात्र अंतर राखून मागोमाग आला आहे, आणि महायाजकाच्या ओळखीच्या दुसऱ्या एका शिष्यामुळे त्याला आत घेतलं गेलं आहे. चारही शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने असलेल्या येशूच्या चरित्रांत) तपशील थोडे वेगवेगळे आहेत. मी इथे मुख्यतः योहानाचा धागा धरतो.

थंडी आहे. दासांनी आणि शिपायांनी कोळशांचा विस्तव केला आहे आणि ते भोवती उभे राहून शेकत आहेत. पेत्रही त्यांच्यात जाऊन उभा राहिला आहे. दार राखणारी मुलगी त्याला विचारते, “तूही त्या माणसाच्या शिष्यांपैकी नाहीस ना?”

मूळ ग्रीकमध्ये या प्रश्नाची घडणच अशी आहे की उत्तर ‘नाही’ अपेक्षित आहे. मराठीतला ‘नाहीस ना?’ तंतोतंत तसाच. विचारणारा उत्तर आपल्या हातात आयतं ठेवतो, आपण मान हलवायचा अवकाश. पेत्र म्हणतो, “मी नाही.” फक्त दोन शब्द. त्याच प्रकरणात थोडं आधी, शिपाई येशूला शोधत आले तेव्हा तो म्हणाला होता, “मी तो आहे.” योहानाने ही दोन वाक्यं एकमेकांसमोर मुद्दाम ठेवली असावीत.

दुसऱ्यांदा शेकोटीभोवतीचे लोक तेच विचारतात, पुन्हा ‘नाहीस ना?’ असंच. उत्तरही तेच. तिसऱ्यांदा विचारणारा कान तुटलेल्या मल्खाचा नातेवाईक आहे आणि आता प्रश्नाचा सूर पालटतो: “मी तुला त्याच्याबरोबर बागेत पाहिलं नाही का?” या प्रश्नाला अपेक्षित उत्तर ‘हो’ आहे. मत्तय सांगतो की पेत्राची बोलीच त्याचं बिंग फोडत होती. गालीलचा हेल लपवता येत नव्हता. मत्तय आणि मार्क दोघांच्याही वृत्तांतात तो शेवटी शापशपथांवर येतो: त्या माणसाला मी ओळखतच नाही. लगेच कोंबडा आरवतो. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, असं येशूने त्याला आधीच सांगितलं होतं. लूक आणखी एक गोष्ट नोंदवतो, ती वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. त्या क्षणी येशूने वळून पेत्राकडे पाहिलं.

आत काय चाललं होतं तेही ऐकण्यासारखं आहे. महायाजक येशूला त्याच्या शिष्यांबद्दल विचारतो. येशू म्हणतो, मी जगाशी उघडपणे बोललो, लपून काही बोललो नाही. मला काय विचारता, ज्यांनी ऐकलं त्यांना विचारा. ज्याने सगळ्यात जास्त ऐकलं होतं तो त्याच वेळी बाहेर हात शेकत ‘मी नाही’ म्हणत होता.

पाश

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या 29 व्या अध्यायात माणसाच्या भीतीला पाश म्हटलं आहे, आणि परमेश्वरावर भरवसा ठेवणारा सुरक्षित उंचीवर असतो असं पुढे म्हटलं आहे. पाश हा शब्द चपखल आहे. तो लगेच जीव घेत नाही, पाय धरून ठेवतो. मग सुटायला जितके हिसके द्यावेत तितका आवळत जातो. पहिला नकार साधा. दुसरा मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे शपथेवर. तिसरा शिव्याशापांसह. प्रत्येक नकार आधीचा नकार झाकण्यासाठी. कधीतरी एखाद्या बैठकीत मनात नसताना ‘माझंही तेच मत’ म्हणून गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. मला तरी आहे. पहिल्या वेळी वाटतं, एवढ्याशा गोष्टीवरून कशाला वाकडं व्हायचं. पुढल्या बैठकीत ते मत आपणच हिरिरीने मांडत असतो.

शिकवण कमी पडली होती असंही नाही. शरीर मारणाऱ्यांना भिऊ नका, एक चिमणीदेखील तुमच्या पित्याच्या नकळत पडत नाही, हे पेत्राने थेट येशूच्या तोंडून ऐकलं होतं. लोकांसमोर मला नाकारणाऱ्याला मीही नाकारीन, हेही त्याच बोलण्यात होतं. प्रेमही कमी नव्हतं. प्रेम नसतं तर तो त्या अंगणात आलाच नसता.

मग बिघडलं कुठे? माझा अंदाज त्याच संध्याकाळच्या पेत्राच्या एका वाक्यापाशी जातो. “सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही.” धैर्य मोजायचं माप इथे ‘सगळे’ हे आहे. तलवार उपसली तेव्हा आपली माणसं पाहत होती. अंगणात आपलं कुणी नव्हतं, परकी तोंडं होती आणि त्यांच्या विस्तवाची ऊब होती. जो माणूस लोकांच्या नजरेवर शूर होतो, तो लोकांच्या नजरेनेच मोडतो, कारण दोन्हीकडे दोरी त्यांच्याच हातात असते. त्या मुलीला पेत्राचं काय बिघडवता येणार होतं? वाड्यात आरडाओरडा झाला असता, कदाचित पकडलाही गेला असता, तो धोका खराच होता. पण सगळ्यात आधी जाणार होती ती शेकोटीजवळची जागा.

दुसरी शेकोटी

योहानाने विस्तवासाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे तो ‘कोळशांचा विस्तव’ अशा अर्थाचा आहे, आणि अख्ख्या नव्या करारात तो दोनच ठिकाणी येतो. एकदा महायाजकाच्या अंगणात. दुसऱ्यांदा, पुनरुत्थानानंतर, तिबिर्य समुद्राच्या काठावर. शिष्यांनी रात्रभर जाळी टाकूनही हाती काही लागलेलं नाही, उजाडल्यावर येशूच्या सांगण्यावरून टाकलेलं जाळं भरतं, आणि ते काठाला येतात तेव्हा कोळसे पेटलेले आहेत, त्यावर मासळी आहे आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा.

न्याहारी आधी झाली, बोलणं नंतर. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. शेकोटीजवळची जागा आधी दिली गेली, मग तीन प्रश्न आले, आणि त्यांतला एकही ‘तू असं का केलंस?’ असा नव्हता. “शिमोना, तू माझ्यावर प्रीती करतोस काय?” तीनदा. शिमोन हे पेत्राचं मूळ नाव. पहिल्या प्रश्नात ‘यांच्यापेक्षा अधिक’ असे शब्द होते. त्यांचा एक अर्थ ‘या इतरांपेक्षा’ असा घेतला जातो, आणि तो घेतला तर जुन्या फुशारकीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. पेत्राने उत्तरात तुलना गाळली. “तुला ठाऊक आहे” एवढंच म्हणाला. साक्ष द्यायला आता लोक लागले नाहीत.

पुढचं वाक्य ऐकायला मात्र जड आहे. तू म्हातारा होशील तेव्हा हात पसरशील, दुसरा कुणी तुला बांधेल आणि तुला नको असेल तिकडे नेईल. देवावर भरवसा ठेव, तुला कुणी धक्का लावणार नाही, असं त्याला कुणी सांगितलं नाही. भरवसा मिळाला तो मरणाच्या बातमीसकट. ‘देव आहे ना, मग लोक काही करणार नाहीत’ या बोलीवर उभं केलेलं धैर्य पहिल्या फटक्यात कोसळतं, आणि मग माणूस देवालाच दोष देत बसतो.

आणि पेत्र तो पेत्रच. एवढं सगळं ऐकून तो वळतो, दुसऱ्या शिष्याकडे पाहतो आणि विचारतो, “प्रभू, याचं काय?” उत्तर मिळतं, त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझ्यामागे ये.

तेच लोक

काही आठवड्यांनंतरची गोष्ट. मंदिराच्या दारात जन्मापासून पांगळा असलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस पेत्र आणि योहान यांच्यामुळे चालू लागतो, गर्दी जमते, पेत्र बोलतो, दोघांना अटक होते. दुसऱ्या दिवशी न्यायसभेपुढे उभं केलं जातं. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक तिथल्या हजर लोकांची नावं देतं: हन्ना, कयफा. तेच दोघं. ज्यांच्या दासीपुढे जीभ अडखळली होती, ते धनीच आता समोर बसले आहेत.

पेत्र सरळ बोलतो: ज्याला तुम्ही वधस्तंभावर खिळलं, त्याच्या नावाने हा माणूस तुमच्यापुढे धडधाकट उभा आहे. सभा चकित होते. ही माणसं शिकलेली नाहीत, सामान्य आहेत, आणि तरी बोलतात कशी! मग त्यांच्या ध्यानात येतं की हे येशूबरोबर होते. शेकोटीजवळ दासीचं म्हणणं दुसरं काय होतं? मार्काच्या वृत्तांतात तर ती अगदी हेच म्हणते: तूही त्या नासरेथकर येशूबरोबर होतास. तेव्हा तो आरोप वाटला होता. आता तीच गोष्ट न कबूल करता लोकांना दिसते आहे.

त्यांच्या धिटाईसाठी इथे जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ मोकळेपणाने, आडपडदा न ठेवता बोलणं असा होतो. आत उभा असलेला येशू ‘मी उघडपणे बोललो’ म्हणाला, तेव्हा योहानाने हाच शब्द वापरला आहे. शौर्यापेक्षा मोकळेपणाच्या जवळचा शब्द. लपवायला काही उरलं नाही की माणूस असा बोलतो.

धमकावून सोडल्यावर दोघं आपल्या लोकांत येतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. त्या प्रार्थनेत काय मागितलं नाही ते पाहा. धमक्या थांबव, असं नाही. त्यांची तोंडं बंद कर, असंही नाही. प्रभू, त्यांच्या धमक्यांकडे पाहा, आणि तुझ्या दासांना पूर्ण धैर्याने बोलू दे. धमक्या मोजायचं काम देवाकडे सोपवलं आणि बोलायचं काम स्वतःकडे ठेवलं. मला विचाराल तर ‘भरवसा’ म्हणजे व्यवहारात हीच वाटणी. भीती गेल्यावर बोलू, असं म्हणणाऱ्याची पाळी येतच नाही.

पुढच्या खेपेला तर फटकेही बसले. मनुष्यांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, हे पेत्राचं प्रसिद्ध उत्तर त्याच वेळचं. हे वाक्य आज कुणीही कुठल्याही हट्टापायी फेकतो. पेत्राने ते पाठीवर मार घेण्याच्या तयारीने उच्चारलं होतं.

इथे एक गोष्ट बाजूला सांगून ठेवतो. माणसांसमोर जायचं म्हटलं की छाती धडधडणं, घाम फुटणं, श्वास अडकणं, त्यापायी काम आणि नाती टाळत राहणं हे महिनोन्महिने चालत असेल, तर त्याला सोशल अँक्झायटी डिसऑर्डर असं नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला नीट चालायला सांगणं. पेत्राचं प्रकरण आजाराचं नाही, निष्ठेचं आहे. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण औषध एक नाही.

झोप

हेरोद अग्रिप्पा पहिला, जो इ.स. 44 मध्ये मरण पावला, त्याने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं आणि मग पेत्राला धरलं. चार-चार शिपायांच्या चार टोळ्या पहाऱ्यावर. सकाळी लोकांपुढे उभं करायचं, त्याच्या आदल्या रात्री पेत्र काय करत होता? दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी बांधलेला, गाढ झोपला होता. देवदूताला त्याच्या कुशीला डिवचून उठवावं लागलं.

सुटून तो ओळखीच्या घरी येतो, दिंडी ठोठावतो, आणि रुदा नावाची दासी दाराशी येते. ती दार उघडण्याआधीच त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात त्याला बाहेरच ठेवून आत धावते. पुन्हा एक दार, पुन्हा दाराशी एक दासी, पुन्हा आवाजावरून ओळख. या वेळी पेत्र दार वाजवत राहतो.

इथे गोष्ट संपवली असती तर फारच छान झालं असतं.

अंत्युखिया

पौल हा दुसरा प्रेषित गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात एक प्रसंग सांगतो, तो साधारण इसवी सनाच्या चाळिशीच्या दशकाच्या अखेरचा मानतात. सीरियातल्या अंत्युखिया शहरात यहुदी आणि विदेशी (यहुदी नसलेले) विश्वासणारे एकत्र जेवत. कडव्या यहुद्यांना हे खपत नसे. पेत्रही त्यांच्या पंगतीला बसे. मग याकोबाकडून (हा येशूचा भाऊ, मारला गेलेला याकोब वेगळा) काही माणसं आली. पेत्र मागे सरू लागला, वेगळा राहू लागला. पौलाने वापरलेली क्रियापदं एका फटक्यात संपणारी नाहीत, हळूहळू चाललेली आहेत. आज नाही जमणार, उद्या बघू, असं काहीतरी. कारण पौल स्पष्ट देतो: सुंता झालेल्यांची, म्हणजे यहुदी रीत पाळणाऱ्यांची, भीती. पेत्राचं पाहून बाकीचे यहुदीही सरकले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा वाहवला.

याच बाबतीत पेत्र आधी एकदा परीक्षेत उतरला होता, हे लक्षात घ्या. कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी तो गेला, तेव्हा यरुशलेममध्ये त्याला जाब विचारला गेला की सुंता न झालेल्यांबरोबर जेवलास कसा? त्याने सगळं क्रमाने सांगून उत्तर दिलं होतं आणि समोरचे गप्प झाले होते. म्हणजे त्याला कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. न्यायसभा नाही, फटके नाहीत, साखळ्या नाहीत. आलेली माणसं आपलीच, विश्वासातलीच, आदराची. तुरुंगात घोरणारा माणूस पाहुण्यांच्या भुवयांना भ्याला.

भीती जिंकता येते, भीड परत येते. शत्रूपुढे देव आठवतो, कारण तिथे दुसरं कुणी नसतं. आपल्या माणसांत देवाचं आणि त्यांचं मत एकच आहे असं आपण धरून चालतो, आणि ते वेगळं निघालं की कुणाकडे वळायचं हे ठरवायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात पंगत उठलेली असते. पुन्हा जागेचाच प्रश्न, शेकोटीऐवजी ताटांपाशी.

पौलाने सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. पौलाची बाजू आपल्याकडे आहे, पेत्राचं उत्तर पत्रात नाही. चारचौघांत बोलायला नको होतं असं म्हणणारे आजही भेटतात. पण मागे सरकणं चारचौघांत झालं होतं आणि विदेशी विश्वासणाऱ्यांचा अपमानही. मला पौलाचं बरोबर वाटतं. भिडेवर देवाने इथे धाडलेला उपाय दर्शन किंवा देवदूत नव्हता, भीड न बाळगणारा एक भाऊ होता.

पत्र

पेत्राच्या नावाने असलेल्या पहिल्या पत्रात (ते त्याच्याच हातचं का, यावर अभ्यासकांत वाद आहे, मंडळीची परंपरा ते त्याचंच मानते) यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायातले शब्द येतात: लोक ज्याला भितात त्याला भिऊ नका. यशया पुढे म्हणतो, सेनाधीश परमेश्वरालाच पवित्र माना, त्याचंच भय असू द्या. पत्रात त्या जागी ख्रिस्ताला प्रभू म्हणून अंतःकरणात पवित्र माना असं आहे. त्याआधीच्या अध्यायात एक छोटी यादी आहे: सर्वांना मान द्या, बंधुवर्गावर प्रीती करा, देवाचं भय धरा, राजाला मान द्या. राजाच्या वाट्याला मान, दाराशी बसलेल्या दासीच्याही वाट्याला मान, आणि भय एकट्या देवाच्या वाट्याला. अंगणात ही वाटणी उलटीपालटी झाली होती.

आणि यशयाच्या शब्दांना लागूनच हे येतं: तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. वाचताना मला कोळशांचा वास येतो. कुणी विचारलं तर. दाराशी बसलेल्या मुलीने तेवढंच केलं होतं, विचारलं होतं. तिला पुढे कधी खरं उत्तर मिळालं का, याची नोंद चारही शुभवर्तमानांत नाही.